ट्यूबलाइटखालचा काळा रंग

शीवच्या आमच्या घरात पूर्ण काळोख कधीच होत नाही. मागच्या अंगाला लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, सगळी मुंबई ज्याला शीव हॉस्पिटल म्हणते. रात्री-अपरात्री ॲम्ब्युलन्स वळते तेव्हा तिच्या दिव्यांचे लाल-निळे पट्टे छतावरून सरकत जातात. रस्त्यावरचा दिवा नेमका खिडकीच्या उंचीवर. १ ऑगस्ट २०२४ ला स्टेशनाजवळचा ब्रिटिशकालीन पूल वाहनांसाठी बंद झाला, तेव्हा वळवलेल्या गाड्यांचे हेडलाइटही आमच्या भिंतीवर येऊ लागले. आत देव्हाऱ्यापाशी आईने लावलेला लाल बल्ब रात्रभर जळत असतो. तो विझवायचा नाही, हा घरातला नियम. आणि पावसाळ्यात तर भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत.

अशा घरात गेमिंग मॉनिटर घ्यायचा होता. भाची साताऱ्याहून शिकायला आली आहे, माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये संगणक अभियांत्रिकीला आहे आणि आमच्याकडे राहते. ती व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ खेळते. वेळ घालवायला खेळतात तसं नव्हे, आमच्या पिढीतली मुलं शिवाजी पार्कवर नेटला जायची तसं खेळते: ठरलेल्या वेळी, ठरलेल्या सरावाने, हरल्यावर कुठे चुकलं ते पुन्हा बघून. आजवर हे सगळं लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर चाललं होतं. आता तिने दोन पर्याय समोर ठेवले. एक चोवीस इंची, १८० हर्ट्झचा साधा आयपीएस जातीचा एलसीडी, दहा-बारा हजारांतला. दुसरा सत्तावीस इंची ओएलईडी, २४० हर्ट्झचा, साठ हजारांच्या आसपास. दाजींनी साताऱ्याहून फोनवर सांगून टाकलं, ‘‘तिला पाहिजे तो घ्या. पुन्हा पुन्हा घ्यायची वस्तू नाही ती.’’

म्हणजे पैशाची अडचण नव्हती. निवड खरीच करायची होती, आणि ती करताना मला जे उमगलं ते मला फार मोलाचं वाटतं.

आधी आईच्या प्रश्नाचं सांगतो, कारण तो मधे आलाच. ‘‘ह्याला खेळ म्हणायचं का गं?’’ असं तिने नातीला विचारलं. नातीने आजीला समजावलं ते थोडक्यात असं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते आणि तीर्थ मेहता या भारतीय खेळाडूने हार्थस्टोन या खेळात कांस्यपदक मिळवलं. पुढच्या, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत हाच प्रकार पदकांच्या यादीत आला. २७ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले, आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ एकीकडे आणि ई-स्पोर्ट्स दुसरीकडे अशी रेघ ओढली. आईला यातलं पैसे न लावण्याचं तेवढं पटलं. तेवढं पुरलं.

मॉनिटर विकणारा तुम्हाला मुख्यतः दोन गोष्टी विकत असतो: वेग आणि काळा रंग. आकार, स्टँड, मागे चमकणारे दिवे हे सगळं त्यानंतरचं. स्वस्त आणि महाग यांतला फरक या दोन गोष्टींत कसा वाटला गेलाय, हे एकदा कळलं की निवड पुष्कळ सोपी होते.

वेगापासून सुरुवात करू. साधा मॉनिटर ६० हर्ट्झचा, तो सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं. १४४ हर्ट्झला ते सात मिलिसेकंदांच्या आत येतं, १८० ला साडेपाचवर, २४० ला चारच्या किंचित वर. माणूस डोळ्यांनी बघून बोट दाबतो त्याला दोनशे मिलिसेकंदांच्या आगेमागे लागतात, मग या दहा मिलिसेकंदांनी काय बिघडतं, असं मला वाटायचं. पण समोरासमोरच्या चकमकीत दोघांचीही बोटं तितकाच वेळ घेतात. ज्याला दहा मिलिसेकंद आधी दिसलं त्याची गोळी आधी सुटते. इतकं साधं गणित आहे.

त्याहून मोठी गोष्ट आहे ती धूसरपणाची. शीवला फास्ट लोकल थांबत नाही. फलाटावर उभं राहून समोरच्या खांबाकडे टक लावलीत तर धडधडत जाणाऱ्या डब्यांवरची अक्षरं एकमेकांत मिसळून नुसती रेघ होतात. पण नजर गाडीबरोबर फिरवलीत, तर क्षणभर ‘महिला’ एवढा शब्द स्वच्छ वाचता येतो. हलत्या वस्तूबरोबर नजर सरकवणं डोळ्याला उपजत येतं. मॉनिटरवर नेमकं हेच अंगाशी येतं. तिथलं चित्र खरं सरकत नाही. एक चित्र ठरावीक वेळ जागच्या जागी थांबतं, मग पुढचं येतं. डोळा मात्र सरकतच राहतो. थांबलेल्या चित्रावरून सरकणारा डोळा ते चित्र स्वतःच फरफटत नेतो. धूसरपणा पडद्यावर नसतो, आपल्या बुबुळामागे तयार होतो.

किती, तेही मोजता येतं. १९२० ठिपक्यांच्या रुंदीचा पडदा एखादी आकृती एका सेकंदात ओलांडत असेल, तर ६० हर्ट्झवर ती ३२ ठिपके फरफटते. १४४ वर १३. १८० वर साधारण ११. २४० वर ८, आणि ३६० वर ५. लांबच्या दाराआडून डोकावणारं शत्रूचं डोकं पडद्यावर मोजक्या ठिपक्यांचंच असतं. बत्तीस ठिपक्यांच्या फरफटीत ते दिसेनासं होतं. अकराच्या फरफटीत दिसतं. या ओळीतला मोठा पल्ला पहिल्या पायरीत संपतो, हेही लक्षात घ्या. ६० वरून १८० वर येताना एकवीस ठिपके सुटतात. १८० वरून ३६० वर, म्हणजे पुन्हा दुप्पट वेगाला जाऊन, सुटतात फक्त पाच-सहा.

दुकानात दोन मॉनिटर शेजारी-शेजारी चालू होते, एक साठावर, एक एकशे ऐंशीवर. भाची म्हणाली, ‘‘मामा, तू गेम बघू नकोस. नुसता माऊस फिरव.’’ मी फिरवला. साठवर बाण तुटक तुटक उमटत होता. एकशे ऐंशीवर तो हाताला बांधल्यासारखा आला. यात कल्पनेचा भाग काडीचा नव्हता. चाळिशी ओलांडलेल्या, चष्मा लावणाऱ्या माणसाला एका हातवाऱ्यात कळेल इतका तो फरक आहे. जे म्हणतात की हे सगळं जाहिरातीचं आहे, त्यांनी एकदा असा माऊस फिरवून पाहावा.

मला त्या क्षणी शीवच्या एका सायबर कॅफेची आठवण झाली. कॉलेजच्या दिवसांत तिथे आम्ही काउंटर-स्ट्राइक खेळायचो, लॅनवर, एकमेकांना ओरडून इशारे देत. मागे पोट आलेले काचेचे जुने मॉनिटर, त्यांच्यामुळे तापलेली खोली, कोपऱ्यात टेबलफॅन. त्या मॉनिटरांवर हलतं चित्र असं फरफटत नसे. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. त्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत प्रत्येक ठिपका क्षणभर पेटवून पुढे जायचा आणि ठिपका लगेच विझायचा. चित्र थांबतच नसे, म्हणून डोळ्याला फरफटायला काही मिळत नसे. सपाट एलसीडी आल्यावर टेबलावरची जागा वाचली, विजेचं बिल उतरलं, पण ही एक गोष्ट हातातून गेली. कसलेले खेळाडू बरीच वर्षं जुनी नळी टेबलावरून हलवू देत नव्हते ते याचमुळे. २०१२ साली १४४ हर्ट्झचे पहिले एलसीडी आले तेव्हा कुठे गेलेलं परत मिळायला लागलं. तेही टीएन पॅनेलवर, जिथे मान जरा खाली केली की रंग उलटे दिसायचे, आणि किंमत अशी की आमच्यासारख्या घरात तो विषयच निघत नसे.

तोच वेग आज दहा-बारा हजारांत, तोही चांगल्या रंगांच्या आयपीएसवर मिळतो. हे कसं झालं त्याचा एक छोटा तुकडा सांगण्यासारखा आहे. ग्राफिक्स कार्ड चित्रं सारख्या गतीने काढत नाही. कधी नव्वद, कधी दीडशे. मॉनिटर आपल्या ठरल्या तालावर चालला की दोन चित्रं अर्धी-अर्धी चिकटून दिसतात. त्यावर कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणलं, पण त्यासाठी मॉनिटरच्या पोटात त्यांचा वेगळा भाग बसवावा लागे आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक मोजायचं. २०१४ मध्ये हीच सोय डिस्प्लेपोर्टच्या खुल्या मानकात आली. एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिने ती फ्रीसिंक म्हणून उचलली. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपली कार्डं खुल्या मानकाच्या मॉनिटरांना जोडू दिली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून आपल्याकडे बत्तीस इंचांपर्यंतच्या मॉनिटरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. काल श्रीमंताच्या टेबलावर असलेली गोष्ट आज डब्यावर एका ओळीत छापलेली असते. तंत्रज्ञानाच्या बाजारात मला सगळ्यात आनंद देणारी घटना हीच: एखादी चांगली वस्तू सगळ्यांची होणं.

वेगाच्या हिशेबात आणखी एक मोठी रक्कम आहे आणि ती मुंबईकराला फुकट मिळते. व्हॅलोरंट जून २०२० मध्ये आला तेव्हा भारतातली मुलं सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायची. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरांच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंद, वाटेतले थांबे वेगळेच. पुढे मुंबईतच सर्व्हर आले आणि शीवमधल्या खेळाडूचं हे अंतर काही मिलिसेकंदांवर आलं. १८० वरून २४० हर्ट्झवर गेल्याने प्रत्येक चित्रामागे दीड मिलिसेकंदही वाचत नाही. या शहराने राहत्या जागेपायी जे दिलं, त्याच्या वीस-पंचविसाव्या हिश्शासाठी पन्नास हजार जादा मोजायचे, हे मला पटेना. साताऱ्यातल्या, जळगावातल्या मुलांना सर्व्हरपर्यंत पोचायला आमच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यांनी मॉनिटरवर खर्च करण्याआधी इंटरनेटची जोडणी तपासावी, असं मी मनापासून सांगेन.

वेग असा स्वस्त झाला. काळा रंग अजून महाग आहे.

एलसीडीच्या मागे दिवा कायम चालू असतो. समोरचे द्रवस्फटिक झडपेसारखे मिटतात आणि काळं दाखवायचा प्रयत्न करतात, पण झडप पूर्ण बंद होत नाही. आयपीएस पॅनेलमध्ये पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण साधारण हजारास एक. पांढऱ्याचं तेज ३०० निट असेल तर काळ्याचं ०.३ निट, अंधारात बघितलं तर राखाडी. व्हीए पॅनेलमध्ये हे प्रमाण तीन हजारांच्या घरात जातं. ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळ्यासाठी चक्क विझतो. तिथे काळा म्हणजे शून्य. कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये याची पहिली कामाची रचना प्रसिद्ध केली, आणि गेमिंगसाठी घडवलेला ओएलईडी मॉनिटर टेबलावर यायला २०२२ उजाडलं. पस्तीस वर्षांची मेहनत आहे ती. एका मॉलमधल्या दुकानात, दिवे मंद केलेल्या कोपऱ्यात, मी तो पाहिला. ताऱ्यांनी भरलेलं आकाश दाखवत होते. तारे आणि तारे यांच्या मधली जागा इतकी काळी होती की पडदा कुठे संपतो आणि चौकट कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मी बराच वेळ तिथून हललो नाही. इतकं सुंदर चित्र मी आजवर कुठल्याच यंत्रावर पाहिलेलं नाही.

मग मनात आलं, हा आमच्या घरी कसा दिसेल?

याचंही गणित आहे आणि ते कुणालाही करता येतं. ट्यूबलाइटखाली पडद्यावर साधारण दीडशे लक्स उजेड पडतो असं धरा. पडदा त्यातला दोन टक्के चहूकडे परत फेकतो असं धरा. दीडशे गुणिले ०.०२ भागिले पाय (π): उत्तर येतं जवळजवळ एक निट. म्हणजे मॉनिटर बंद असला तरी त्याच्या काळ्यावर एक निट उजेड बसलेला आहे. आता आयपीएसचा काळा होतो १.३ निट, आणि पांढरा ३०१; प्रमाण सुमारे २३०. ओएलईडी पूर्ण पांढऱ्या पडद्याला अडीचशे निटांच्या आसपास जातो, त्याचा काळा शून्य अधिक एक, प्रमाण २५०. डब्यावर हजार विरुद्ध अनंत लिहिलेलं असतं, आमच्या ट्यूबलाइटखाली ते दोनशे तीस विरुद्ध अडीचशे होतं. क्वांटम डॉट जातीच्या ओएलईडीत तर पुढचा ध्रुवीकरणाचा पापुद्रा नसतो, त्यामुळे उजेडात त्यांचा काळा जांभळट राखाडी दिसतो. ज्या गुणासाठी पन्नास हजार जास्त द्यायचे, तो गुण आमच्या देव्हाऱ्यातला बल्ब, रस्त्यावरचा दिवा आणि स्वयंपाकघरातली ट्यूब मिळून खाऊन टाकतात.

तरी मी मुद्दाम रात्रीचा विचार केला. आई झोपल्यावर मोठे दिवे जातात, भाची हेडफोन लावून खेळते. तेव्हा तरी काळ्याचा उपयोग होईल? पण ती खेळते त्या खेळात काळोखच नाही. व्हॅलोरंटचे नकाशे मुद्दाम उजळ आणि सपाट रंगांचे केलेले आहेत, शत्रूभोवती लाल किंवा पिवळी कड असते, जेणेकरून कुणाचा पडदा गडद म्हणून कुणी हरू नये. ते डिझाइन करणाऱ्यांनी घेतलेली ही काळजी मला फार आवडली. स्वस्त पडद्यासमोर बसलेल्या मुलीसाठी त्यांनी विचार करून ठेवलेली ही जागा आहे.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, आम्ही दुकानं बघत फिरत होतो तेव्हा हा विचार आणखी पुढे गेला. आज या रस्त्यावर मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट आणि केबलींचे ढीग. आमच्या आधीच्या पिढीला हा रस्ता माहीत होता तो थिएटरांसाठी. नाझ, इम्पिरिअल, स्वस्तिक, अप्सरा, मिनर्व्हा. मिनर्व्हाला १९७५ मध्ये लागलेला ‘शोले’ पाच वर्षं हलला नाही. परळ-लालबागच्या चाळींतून, गिरगावातून, दादर-माटुंग्यातून माणसं इथे येत. एका खोलीत आठ जण राहणाऱ्या त्या माणसांना घरी काय मिळत नव्हतं? सिनेमा तर होताच, पण त्याबरोबर तीन तासांचा काळोखही मिळत होता. कुणी हाक मारत नाही, दिवा लागत नाही, समोर भलामोठा पडदा, आणि स्टॉलच्या तिकिटात बसलेल्यालाही बाल्कनीइतकाच गडद काळोख. शीवला रूपम होतं, किंग्ज सर्कलला अरोरा, तिथेही तेच. मुंबईने काळोख कधी घरात ठेवला नाही. तो सार्वजनिक ठेवला आणि सगळ्यांना परवडेल अशा दरात दिला. त्याच रस्त्यावर आज साठ हजारांच्या खोक्यात एका माणसापुरता काळोख मिळतो, आणि तो घरी नेऊन ठेवायला अंधारी खोली लागते, जी आपल्याकडे नाही. ही खोली ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. मला तर वाटतं, चांगला अंधार हवा असेल त्या संध्याकाळी अजूनही थिएटरात जावं, घरच्यांना घेऊन जावं.

भाचीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि तिच्या बाजूचं एक कारण त्यात घातलं, जे मला सुचलं नव्हतं. ‘‘मामा, मी दिवसाचे कितीतरी तास कोड लिहिते. खालची पट्टी, डावीकडची फायलींची यादी जागची हलत नाही. ओएलईडीवर त्याचा डाग बसला तर?’’ बरोबर होतं. ओएलईडीचा ठिपका जितका जळतो तितका झिजतो, आणि एकाच जागी तेच चित्र राहिलं तर तिथली झीज कायमची दिसू लागते. त्यासाठी कंपन्या पडदा हळूच सरकवतात, पट्ट्या मंद करतात, काही जण तीन वर्षं या डागाची वॉरंटीही देतात. पण अभ्यासाचा मॉनिटर असा जपून जपून वापरायचा का? शिवाय ओएलईडीतल्या रंगठिपक्यांची मांडणी वेगळी असते, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची झाक येते. खेळ दोन तास, अक्षरं दहा तास. विद्यार्थ्याच्या घरी अक्षरांचा हक्क मोठा.

स्वस्तातही सगळं सरसकट घेऊ नये, हे तितक्याच तळमळीने सांगतो. डब्यावर ‘१ एमएस’ छापलेलं असतं. त्यामागे दोन वेगळी मापं लपलेली असतात: एक ठिपक्याचा रंग बदलायला लागणारा वेळ, दुसरं मागचा दिवा लुकलुकवून डोळ्याला दाखवलेली स्पष्टता. दुसऱ्या प्रकारचा आकडा मिळवायचा पर्याय चालू केला की उजेड कमी होतो, आणि बहुतेक मॉनिटरांत चल रिफ्रेशची, म्हणजे जी-सिंक-फ्रीसिंकची, सोयही बंद पडते. ‘एचडीआर’ ही अक्षरं तर फारच उदारपणे वाटली जातात. पुष्कळ मॉनिटर एचडीआरचा सिग्नल नुसता स्वीकारतात, दाखवू शकत नाहीत. व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर ४०० या पायरीला मागचा दिवा भागाभागाने मंद करायची अटही नाही, त्यामुळे तिथे काळा काळा राहत नाही. स्वस्त व्हीए पॅनेलमध्ये काळ्यावरून राखाडीकडे जायला ठिपका उशीर लावतो आणि रात्रीच्या दृश्यात हलत्या माणसामागे काजळासारखा पट्टा उमटतो. आणि चोवीस इंचांवर जे १०८० ओळींचं चित्र बारीक दिसतं, तेच सत्तावीस इंचांवर ताणलं की इंचामागे ९२ ठिपक्यांचे ८२ होतात आणि अक्षरांना दातरे दिसतात. आमच्या टेबलाची खोलीही बेताची. डोळा पडद्यापासून दोन फुटांवर. मोठा पडदा तिथे मानेला त्रास देतो.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने खोकं उघडून पीस चालू करून दाखवला. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पडदे लावून भाचीने कोपरान्‌कोपरा तपासला, कुठे मेलेला ठिपका आहे का बघितलं. जीएसटीचं बिल घेतलं, वॉरंटीवर दुकानाचा शिक्का घेतला. खोकं घेऊन ग्रँट रोडहून दुपारच्या रिकाम्या लोकलने दादर, तिथे पूल ओलांडून मध्य रेल्वे, आणि शीव. स्वस्त मॉनिटरची खरी उणीव घरी आल्यावर दिसली: त्याचा स्टँड वर-खाली होत नाही, फक्त मागे-पुढे कलतो. मागे चार भोकं मात्र शंभर मिलिमीटर अंतरावर असतात, त्यांना टेबलाला आवळायचा हात बसतो, आणि पडदा डोळ्यांच्या रेषेत येतो. टेबलही तेवढं मोकळं झालं. तिथे आता आईचं तांदळाचं ताट राहतं.

ज्याचं पोट चित्रांवर आहे, ॲनिमेशन किंवा रंगसंस्कार शिकणारं ज्याचं मूल आहे, ज्याच्या घरी पडदे ओढून बसता येईल अशी खोली आहे, त्याने महाग मॉनिटर घ्यावा. तिथे तो पैसा सत्कारणी लागतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने घडवलेला ‘राजी’सारखा खेळ, ज्याच्या चित्रांत पहाडी लघुचित्रांचे रंग आहेत, अशा खोलीत ओएलईडीवर बघावा अशी माझीही इच्छा आहे. पण मुंबईतल्या, दिव्यांनी भरलेल्या, माणसांनी भरलेल्या घरात खेळणाऱ्या मुलासाठी विचाराल तर माझं मत ठाम आहे: वेग विकत घ्या, काळा रंग राहू द्या. चोवीस इंच, १०८० ओळी, आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्झ. यावर एक रुपयाही जादा घालायचा असेल तर तो ग्राफिक्स कार्डात आणि बसायच्या खुर्चीत घाला, कारण कार्डाने चित्रं काढलीच नाहीत तर मॉनिटर ती दाखवणार कुठून.

खरेदीला गेलात तर दुकानदाराला सगळे दिवे लावायला सांगा आणि मगच पडदा बघा. लॅपटॉपला जोडणार असाल तर आधी त्याचं एचडीएमआय कुठलं ते पाहा, जुन्या १.४ वर १०८० ओळींना १८० हर्ट्झ मिळत नाही. आणि घरी आल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतःच्या हाताने वर करा. नवा मॉनिटर पुष्कळदा साठवरच सुरू होतो, आणि कितीतरी मुलं १८० चे पैसे भरून वर्षभर साठवर खेळत राहतात.